मशीन सांगा, मालक नको

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आपल्या भागातली किती जुनी मशीन लिनक्सवर नीट चालतील? ते कळायला आधी आत काय आहे ते कळायला हवं. म्हणून माणगावात बसून मी एक छोटं टूल लिहितोय. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स पाठवायचं. मालक कोण, ते नाही.

सीरियल नंबर वाचायला लिनक्सवर रूट लागतो, म्हणून टूल पासवर्ड मागतच नाही. विषय संपला. मॅक अ‍ॅड्रेसचं तसं नाही. मित्र म्हणतात, "अरे, हॅश कर की!" पण मॅक ४८ बिटांचा, त्यातले बहुतेकदा पहिले २४ कंपनीचे. कंपनी कळली की उरतात जेमतेम १ कोटी ६७ लाख शक्यता. साधा लॅपटॉपही त्या बघता बघता तपासून टाकतो. त्यापेक्षा मॅक घ्यायचाच नाही. टूल स्वतः एक रँडम नंबर बनवतं. एकच मशीन दोनदा मोजलं जाऊ नये, एवढंच त्याचं काम.

ग्नोमवाल्यांनी २०२२ मध्ये असंच टूल काढलं होतं. अडीच हजारांवर लोकांनी माहिती पाठवली. जगभरातल्या तेवढ्या गर्दीत माणूस हरवतो हो. पण माणगावात? महागडं ग्राफिक्स कार्ड म्हटलं की अख्खी बाजारपेठ सांगेल, कुणाच्या पोराचं ते! म्हणून गावाचा रकानाच नाही, फक्त जिल्हा. आणि पाठवण्याआधी सगळं स्क्रीनवर मराठीत दिसतं. 'नको' दाबलंत तर काही जात नाही.

राहता राहिला आयपी. तो सर्व्हरला दिसतोच. मी तो साठवत नाही, पण हे तुम्हाला तपासता येणार नाही. तिथे माझ्या शब्दावरच भिस्त.