समीकरणाला नंबर नको, नाव द्या

आज धाराशिवमधून बोलतोय. प्रोजेक्ट जमा करायचे दिवस आलेत, टायपिंग सेंटरमध्ये पोरांची गर्दी आहे. म्हणून आजचा विषय खास त्यांच्यासाठी: समीकरणांचे नंबर.

आधी माझी फजिती ऐका. एमएस्सीला माझा प्रोजेक्ट होता विहिरींच्या पाणीपातळीवर. आपला जिल्हा दुष्काळी, त्यामुळं विषय घरचाच. दुसऱ्या प्रकरणात समीकरण २.३ म्हणजे डार्सीचा नियम. जमिनीतून पाणी किती झिरपतं ते सांगणारा, १८५६ सालचा. पुढचं सगळं गणित त्याच्यावर उभं. मी जागोजागी हातानं टाइप केलं होतं, 'समीकरण २.३ वरून'.

जमा करायच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, "याच्या आधी अजून एक समीकरण घाल." घातलं. डार्सी झाला २.४. समीकरणांसमोरचे नंबर बदलले, पण मजकुरातले उल्लेख? रात्री दीडपर्यंत शोधत बसलो, तरी चार राहिलेच. तोंडी परीक्षेत नेमकं त्यातलंच एक पान उघडलं गेलं. "२.३ वरून हे कसं आलं?" आणि २.३ ला भलतंच समीकरण! गणित बरोबर होतं, पण कुणाचं तरी उतरवून आणल्यासारखं दिसलं. दोन वर्षांची मेहनत, आणि मान खाली.

आता रानाचं बघा. आमच्या शेताला आधी सर्व्हे नंबर होता, एकत्रीकरणानंतर गट नंबर आला. पण घरात आजही त्याला 'विहिरीचं रान'च म्हणतात. नंबर बदलला, नाव तेच राहिलं. समीकरणाचंही असंच करायचं. नाव आपण द्यायचं, नंबर मशीननं मोजायचा.

लाटेकमध्ये हे सगळ्यात सरळ आहे. समीकरणाला 'लेबल' कमांडनं नाव द्या, समजा 'डार्सी'. मजकुरात 'ईक्यूरेफ' कमांडमध्ये तेच नाव लिहा. कंसासकट नंबर आपोआप येतो. मात्र फाईल दोनदा चालवावी लागते. पहिल्यांदा नंबर टिपून ठेवले जातात, दुसऱ्यांदा जागेवर बसतात. तोवर तिथं दोन प्रश्नचिन्हं दिसतात, घाबरू नका. ओव्हरलीफवर काम केलं तर ते स्वतःच पुन्हा चालवतं, आणि ते मोबाईलच्या ब्राउझरमध्येही उघडतं.

वर्ड वापरत असाल तर तीन रकान्यांचं, एकाच ओळीचं, बिनरेषांचं टेबल घ्या. मधल्या रकान्यात समीकरण. उजव्या रकान्यात कर्सर ठेवून 'रेफरन्सेस'मधून 'इन्सर्ट कॅप्शन'नं नंबर. मजकुरात उल्लेख करताना नंबर टाइप करायचा नाही, 'क्रॉस-रेफरन्स' उघडून यादीतून समीकरण निवडायचं.

लिबर ऑफिस रायटर फुकट आहे, तिथं तर गंमतच आहे. इंग्रजी एफ आणि एन टाइप करून एफ-३ दाबा. नंबरासकट समीकरण हजर! त्यावर डबल क्लिक करून आपलं समीकरण लिहा. उल्लेखासाठी इथंही 'इन्सर्ट' मेनूत 'क्रॉस-रेफरन्स' आहेच.

आता खरी मेख. वर्डमधले उल्लेख आपणहून लगेच बदलत नाहीत. नवं समीकरण घातलं की कंट्रोल-ए करून सगळं निवडा आणि एफ-९ दाबा. रायटरमध्येही एफ-९ नंच नंबर ताजे होतात. आणि समीकरण पुसून टाकलंत तर त्याचा उल्लेख अनाथ होतो. वर्ड तिथं 'एरर' लिहितं, लाटेक प्रश्नचिन्हं टाकतं. म्हणून प्रिंट काढण्याआधी फाईलमध्ये हे दोन्ही शोधायचे. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते केलं नाही तर ती एरर बाइंडिंगसकट परीक्षकांच्या हातात जाते.

अजून एक. प्रत्येक ओळीला नंबर देत बसू नका. पुढं ज्याचा उल्लेख करणार आहात, त्यालाच द्या. वाचणाऱ्यालाही कळतं की हे समीकरण लक्षात ठेवायचंय.

टायपिंग बाहेरून करून घेत असाल, तर काम देतानाच सांगा, 'नंबर हातानं टाकू नका'. नंतर सांगितलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

मला हे कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं. तुमच्या वर्गातल्या ज्याचा प्रोजेक्ट बाकी आहे, त्याला हा भाग आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात. राम राम!