लिव्हरला विष ओळखता येत नाही

आज सुरुवात करूया तुमच्या हातातल्या मोबाइलच्या काचेपासून.

साल २००९. चीनमधलं सुझोउ शहर. तिथे विनटेक नावाच्या तैवानी कंपनीच्या कारखान्यात टचस्क्रीन बनायच्या. काचा पुसायला आधी अल्कोहोल वापरायचे. मग त्याच्या जागी एन-हेक्झेन आलं. का? तर ते झटकन उडून जातं. काच लवकर सुकते, म्हणजे दिवसाला जास्त काचा होतात. पण खोलीत हवा खेळती नव्हती. हळूहळू कामगारांचे हातपाय बधिर व्हायला लागले, चालणं जड झालं. कित्येकांना महिनोन्‌महिने दवाखान्यात काढावे लागले. २०११ मध्ये ॲपलने आपल्या अहवालात १३७ कामगारांना याची बाधा झाल्याचं सांगितलं.

आता गंमत बघा. गंमत कसली, भयंकरच आहे. नसांचं हे नुकसान हेक्झेनने स्वतः केलेलंच नाही. ते करणारा पदार्थ कामगारांच्या शरीरातच तयार झाला.

कसा, ते सांगतो. हेक्झेन पेट्रोलच्या जातीचं, तेलकट. श्वासातून रक्तात जातं. थोडं श्वासावाटेच बाहेर पडतं, बाकीचं शरीरात राहतं. लघवीवाटे जायचं तर आधी पाण्यात विरघळायला हवं ना? तेलकट ताटावर नुसतं पाणी ओतून ते निघत नाही, तसंच हे. म्हणून लिव्हरमध्ये एन्झाइमची एक मोठी फौज असते, सायटोक्रोम पी-४५० नावाची. तिचं काम म्हणजे तेलकट रेणू दिसला की त्याला ऑक्सिजन चिकटवायचा. पुढे तो पाण्यात विरघळतो आणि बाहेर जातो.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे एखाद्या फंक्शनसारखं दिसतं. इनपुट तेलकट आहे एवढंच ते तपासतं. आउटपुट विषारी होईल का, हे तपासणारी ओळ त्या कोडमध्ये नाहीच. आपलं अन्न, आपली औषधं, रोजच्या हजार गोष्टी यातून सुखरूप पार पडतात. कारखान्यात कोणतं सॉल्व्हंट येणार, हे त्या एन्झाइमला कुठून ठाऊक असणार?

हेक्झेनमध्ये सहा कार्बनची साखळी असते. लिव्हर दुसऱ्या कार्बनवर एक ऑक्सिजन बसवतं आणि पाचव्यावर एक. तयार होतं २,५-हेक्झेनडायोन. या दोन ऑक्सिजनमधलं अंतर नेमकं असं पडतं, की हा रेणू नसांमधल्या प्रथिनांना पकडतो आणि त्यांना एकमेकांत अडकवून टाकतो. ऑक्सिजन दुसऱ्या आणि चौथ्या कार्बनवर असते, तर नसांचं हे दुखणं झालं नसतं. एका कार्बनचा फरक, बस्स!

प्रथिनं अडकली की नस जागोजागी फुगते आणि तिच्यातून होणारी ने-आण बंद पडते. सगळ्यात आधी मार बसतो सगळ्यात लांब नसांना. कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारी नस जवळपास मीटरभर असते. म्हणून त्रास पायांच्या बोटांत सुरू होतो. दोन्ही पायांत, मोजे घातल्यासारखा बधिरपणा. मग हात.

आणखी एक गोष्ट. काम सोडल्यावरही काही आठवडे, कधी काही महिने, अशक्तपणा वाढतच जातो. तुटलेली नस परत वाढते ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर. मीटरभराचा हिशेब तुम्हीच करा. बरेच जण बरे होतात, पण वेळ लागतो. दुखणं फार वाढलेलं असेल तर थोडी कसर कायमची राहते.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे ‘डिटॉक्स’ हा शब्द. लिव्हरला साफ करणारे ज्यूस, लिव्हरला जोमाने कामाला लावणारी चूर्णं रोज आपल्या फीडमध्ये येतात. पण इथे लिव्हर जोमाने काम करत होतं, घोळ तिथेच झाला. हेक्झेनवर कुठलाही ज्यूस चालत नाही. बचाव आहे तो शरीरात जाण्याआधीच. सॉल्व्हंट बदलायचं, हवा खेळती ठेवायची, वाफ जिथे निघते तिथूनच ओढून घेणारा एक्झॉस्ट बसवायचा.

आणि हे फक्त चीनचं नाही. १९६० च्या दशकात जपानमध्ये सँडल बनवणाऱ्यांना हाच आजार झाला होता. तिथे हेक्झेन होतं चिकटवायच्या गोंदात. आपल्याकडे धारावीत चपला-बॅगांचं काम चालतं. तिथे किंवा इतर कुठेही, अशा कामात वापरायच्या सोल्यूशनमध्ये हेक्झेन असू शकतं. तुमच्या ओळखीत कुणी बंद खोलीत असं काम करत असेल, तर दोन गोष्टी नक्की सांगा. एक, कापडी मास्क वाफ अडवत नाही, त्याला कार्बनचं फिल्टर असलेला मास्क लागतो. दोन, पायांना मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना आपण काय काम करतो ते न विचारता सांगायचं. लघवीच्या तपासणीत २,५-हेक्झेनडायोन मोजता येतं. पण ते तपासायचं डॉक्टरांना सुचायला हवं, आणि ते सुचेल तुमचं काम कळल्यावरच.

हा एपिसोड अशा कुणाला तरी पाठवा. व्हॉट्सॲपवर ऑडिओ पाठवला तरी चालेल. भेटू पुढच्या वेळी. काळजी घ्या!