उत्तरापलीकडचे सामान्य ज्ञान
(शताब्दी महोत्सवातील भाषण)



सामान्य ज्ञानाच्या स्पर्धेत आपली मुले दूरदेशीच्या राजधान्या घडाघडा सांगतात. ते कौतुकास्पदच आहे. परंतु काळी नदी कोठे उगम पावते, असे विचारताच सभागृह स्तब्ध होते. तो उगम शेजारच्या जोयडा तालुक्यात, डिग्गीच्या परिसरात आहे. म्हणून आज मी चारही प्रश्न त्या एकाच तालुक्यातून आणले आहेत.

पहिला विज्ञानाचा. धनेशाची मादी स्वतःला ढोलीत का कोंडून घेते? अंडी घालण्याच्या वेळी ती ढोलीचे तोंड लिंपून केवळ एक फट ठेवते. शत्रूपासून रक्षण होते आणि नर त्या फटीतून तिला फळे भरवितो. अशी ढोली जुन्या, विशाल वृक्षातच सापडते; वृक्ष गेला की धनेशाचे घरही गेले.

दुसरा भाषेचा. कॅसल रॉक हे पोर्तुगीज गोव्याच्या सीमेवरचे स्थानक. तेथील घाटातून मुरगाव बंदराकडे रेल्वे गेली. परंतु शब्दांनी सीमा त्यापूर्वीच ओलांडली होती. पगार, चावी, बादली हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. अण्णा, अक्का, तूप हे कानडीकडून. थोरल्या भावाला हाक मारताना आपण कानडी बोलतो आणि महिनाअखेरीस पगार मोजताना पोर्तुगीज!

तिसरा संगीताचा. या रानांतील सिद्दी बांधव कोणत्या वाद्यावर नाचतात? डमाम नावाच्या ढोलावर. त्यावरूनच नृत्याला डमामी म्हणतात. पूर्वज आफ्रिकेचे, घरातील बोली कोकणी वळणाची आणि वाद्याचे नाव फार्सी दमाम्याशी जुळणारे! तीन प्रदेशांचा इतिहास एका तालात ऐकू येतो.

चौथा इतिहासाचा. ज्या गावाच्या नावाने हा तालुका ओळखला जाई, ते गाव आज कोठे आहे? पाण्याखाली. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर सुपा वसले होते. १०१ मीटर उंचीचे सुपा धरण १९८७ साली पूर्ण झाले आणि गाव जलाशयात गेले. विस्थापितांची नवी वस्ती रामनगर येथे उभी राहिली.

श्रोतेहो, स्पर्धेत या प्रश्नाला 'सुपा' एवढे दोन अक्षरी उत्तर पुरते, गुणही मिळतो. परंतु त्या दोन अक्षरांत एक बाजारपेठ होती, घरे होती, अंगणातील तुळशी होत्या. धरणाच्या विजेने कितीतरी घरे उजळली, हे खरे. त्या उजेडात वाचणाऱ्या आपणांवर म्हणूनच एक ऋण आहे. तेथील गल्ल्या ज्यांनी पायांखाली घातल्या, ती पिढी आता वार्धक्यात आहे. त्यांच्या आठवणी कोणत्याही विश्वकोशात मिळावयाच्या नाहीत.

माझी नम्र सूचना एवढीच, की शताब्दीनिमित्त ग्रंथालयाने एक कोरी वही ठेवावी. सभासदांनी आपल्या घरातील वृद्धांना विचारून तीत गावांची, वाद्यांची, झाडांची, शब्दांची माहिती नोंदवावी. दुसऱ्या शताब्दीच्या वाचकाला तोच ग्रंथ सर्वांत मौल्यवान वाटेल.