मृतांचा आकडा



कोठे पूर आला, दरड कोसळली, की सकाळी वर्तमानपत्र उघडताच आपली नजर प्रथम मृतांचा आकडा शोधते. तो वाचला की संकटाचे माप कळले, अशी आपली समजूत होते. परंतु त्या आकड्यात कोणाला धरले आणि कोणाला वगळले, हे आपण क्वचितच विचारतो.

रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. चार दिवसांनी शोधकार्य थांबविले, तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते; ५७ माणसे ‘बेपत्ता’ राहिली. वास्तविक त्यांचा पत्ता ढिगाऱ्याखालीच होता. नव्हता तो पुरावा. सरकारी कागदावर ‘मृत’ लिहावयाचे तर बहुधा देह दाखवावा लागतो. तो नसेल, तर सात वर्षे वाट पाहा, असा कायद्याचा सर्वसाधारण दंडक आहे. तोवर मृत्यूचा दाखला नाही आणि दाखल्यावाचून वारसाचे काम पुढे सरकत नाही. म्हणूनच उत्तराखंडात २०१३ च्या महापुरानंतर बेपत्तांना मृत धरण्याची खास तजवीज करावी लागली.

आता देह असूनही माणूस मोजणीतून कसा निसटतो, ते पाहा. कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको बेटावर २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया नावाचे चक्रीवादळ आदळले. सरकारी आकडा कित्येक महिने ६४ वरच थांबला होता. पण बेटावरची वीज महिनोन्महिने गेलेली. औषध, पाणी, रस्ते यांची दैना. अशा दिवसांत जो रोगी दगावला, त्याच्या दाखल्यावर रोगाचे नाव आले, वादळाचे नाही. पुढे अभ्यासकांनी निराळाच हिशेब मांडला: एरवी या काळात किती माणसे मरतात आणि यंदा किती मेली? सहा महिन्यांतील ही वाढ सुमारे २,९७५ भरली. ऑगस्ट २०१८ मध्ये तेथील सरकारने हा आकडा मान्य केला. अशा वाढीला ‘अतिरिक्त मृत्यू’ म्हणतात.

शब्द मात्र विचित्र आहे. कोणाच्याही घरातले माणूस अतिरिक्त नसते! तरीही तो उपयोगी आहे. कारण वारा थांबल्यावर जी माणसे आपल्या अव्यवस्थेने मेली, त्यांना तो हिशेबात आणतो.

तेव्हा यापुढे आकडा वाचाल, तेव्हा त्याच्या शेजारचा शब्दही वाचा आणि मोजणी कोणत्या दिवशी थांबली तेही विचारा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.