रेघेवरून चालणारी गाडी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी पाककृती सांगते, कोणी आरोग्यावर बोलते. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या त्या गाडीवर बोला." मी सातवी शिकलेली बाई, आणि विषय यंत्राचा. तेव्हा बोलणे घरगुती होईल, ते गोड मानून घ्यावे.

गाडी म्हणजे माझ्या धाकट्या मुलीने आणि मी दिवाळीच्या सुटीत मिळून केलेला छोटासा यंत्रमानव. यंत्रमानव म्हटला की डोळ्यांपुढे लोखंडी माणूस उभा राहतो. आमच्या गाडीला ना हात, ना डोके. एक फळी, तीन चाके, दोन मोटारी आणि दोन डोळे, एवढाच तिचा संसार. पांढऱ्या कागदावर काळी पट्टी चिकटवली की तिच्यावरून ती आपली आपण चालते, आणि वळण आले की वळते. शाळेतली मुले तिला लाइन फॉलोअर म्हणतात. नवशिक्यांपैकी पुष्कळजण इथूनच आरंभ करतात.

मंडळाच्या शिलकीतून मुलींसाठी असे दोन संच घ्यावेत, असा विचार गेल्या बैठकीत निघाला. तेव्हा एका भगिनीने विचारले, "यंत्रांनी माणसांची कामे जातात, तीच विद्या आपण मुलींना शिकवायची का?" प्रश्न रास्त आहे. कारखान्याच्या भोंग्यावर ज्यांच्या घरची चूल पेटली, त्या आपल्या वस्तीत तो कोणी विचारला नसता तरच नवल. त्याचे उत्तर देण्याआधी गाडीच्या पोटात काय आहे ते सांगते. न पाहिलेल्या वस्तूचे भय फार वाटते.

सामान आणायला आम्ही दोघी शहाडहून दादरला आणि तिथून गाडी बदलून ग्रँट रोडला गेलो. स्टेशनाच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोडवर अशा सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. दुकानदार मुलीला सोडून माझ्याकडे पाहून म्हणाला, "भाऊला पाठवायचे होते." मुलीने यादी पुढे केली आणि नावे घडाघडा वाचली, तेव्हा त्याने मुकाट्याने पुडके बांधले. एका साध्या साडीपेक्षा जास्त खर्च आला नाही.

आता डोळ्यांचे सांगते, कारण सगळी खुबी तिथेच आहे. प्रत्येक डोळ्यात शेजारी शेजारी दोन दिवे दिसतात. त्यांतला एक उजेड टाकतो आणि दुसरा परत आलेला उजेड टिपतो. हा उजेड आपल्याला दिसत नाही. टीव्हीच्या रिमोटमधूनही तसलाच निघतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून रिमोटचे टोक पाहा, कित्येक मोबाइलमध्ये तो जांभळट चमकताना दिसेल. पांढऱ्या कागदावरून हा उजेड परत फिरतो, काळी पट्टी तो गिळून टाकते. उन्हात काळी छत्री का तापते हे आपल्याला ठाऊकच आहे. म्हणजे गाडीला रेघ दिसते असे म्हणतात ते खरे नव्हे. तिला एवढेच कळते की उजेड परत आला, की नाही आला.

पट्टीच्या दोन्ही अंगांना एकेक डोळा ठेवायचा. दोघांच्याही खाली पांढरे असले की दोन्ही मोटारी चालतात आणि गाडी सरळ जाते. डावा डोळा काळ्यावर आला की डावी मोटार थांबते, उजवी चालूच राहते, आणि गाडी डावीकडे वळते. बैलगाडी पाहिलेल्या बायकांना हे समजावून सांगायला नको. डावा बैल थांबवला की गाडी डावीकडेच फिरायची. वळता वळता डोळा पुन्हा पांढऱ्यावर येतो आणि थांबलेला बैल चालू लागतो. तिसरे चाक नुसते भार घेते आणि वाटेल तसे फिरते.

डोळ्याचा निरोप मात्र फार अशक्त असतो, त्यावर मोटार चालत नाही. म्हणून मध्ये एक मुकादम लागतो. एल-दोन-नऊ-तीन-डी नावाची ती काळी चकती बोटाच्या पेराएवढी आहे. डोळ्याचे ऐकून ती सेलांतला जोर मोटारीकडे सोडते किंवा रोखून धरते. आमच्या गाडीत कॉम्प्युटर नाही, तिला कोणी धडा पढवलेला नाही. डोळे, मुकादम आणि मोटारी यांच्या तारा कशा जोडल्या, तीच तिची अक्कल. एखादी मोटार उलटी फिरली तर तिच्या दोन तारांची अदलाबदल करायची, की झाले. चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी मोटारींपुढे लवकर दम टाकते, म्हणून साधे चार सेल बरे.

जोडणी एका दुपारी झाली. पुढचे चार दिवस गेले ते जुळवण्यात. प्रत्येक डोळ्याच्या पाठीवर एक बारीक पेच असतो. तो फिरवून कितपत उजेडाला पांढरे म्हणायचे ते ठरवावे लागते. डोळे जमिनीपासून साधारण बोटाच्या जाडीइतके उंच हवेत. फार उंच नेले तर पांढरे आणि काळे सारखेच वाटते. पट्टीचे वळणही काटकोनी नको, नाहीतर गाडी वेगात पट्टी ओलांडते आणि पार कपाटाखाली जाते.

एक गंमत झाली. सकाळी नीट चालणारी गाडी दुपारी दाराजवळ आली की भांबावे. पट्टीवर आली तरी मोटार थांबेना. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. मुलीने सेल बदलले, तारा तपासल्या. मग ध्यानात आले की त्या वेळी दारातून ऊन आत येते. रिमोटसारखा न दिसणारा उजेड उन्हातही असतो, आणि काळ्या पट्टीवरही डोळ्याला तो मिळत होता. मुलीने पडदा ओढला आणि गाडी शहाणी झाली. हे कारण पुस्तकात नंतर सापडले, आधी आम्ही ते जमिनीवर बसून पाहिले.

अशा खटपटी मोठ्यांनीही केल्या आहेत. इंग्लंडात ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर नावाच्या मेंदूच्या शास्त्रज्ञाने 1948-49 साली तीन चाकांची दोन कासवे केली. त्यांची नावे एल्मर आणि एल्सी. त्यांत जुन्या घड्याळांची दातेरी चाके होती. उजेडाचा एक डोळा आणि धक्का लागल्याचे कळावे अशी पाठ, एवढ्यावर ती दिव्याकडे चालत आणि आडकाठी आली की वाट बदलत. 2002 साली अमेरिकेत रूम्बा नावाचा केर काढणारा गोल यंत्रमानव विकायला आला. तो जिन्यावरून पडत नाही, कारण त्याच्या पोटाखाली आमच्या गाडीसारखेच डोळे आहेत. जमिनीवरून उजेड परत आला नाही की तो मागे सरतो. आपल्या चाळीतला उंबरठा त्याला ओलांडता येईल की नाही, याची मला शंकाच आहे!

आपल्या इकडेही हे नवे नाही. 2008 साली पुण्याला बालेवाडीत आशियातील विद्यार्थ्यांची रोबोकॉन स्पर्धा भरली, तिचा खेळ चक्क आपल्या दहीहंडीवर बेतलेला होता. पवईच्या आयआयटीत ई-यंत्र नावाचा उपक्रम महाविद्यालयांतून यंत्रमानवाच्या प्रयोगशाळा उभारायला मदत करतो. पवई आपल्याला किती लांब आहे?

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे वळते. रोबोट हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या 1920 सालच्या नाटकातून जगभर गेला. त्यांच्या भाषेत रोबोटा म्हणजे वेठ, सक्तीची मजुरी. वेठीचे काम यंत्राने उचलले तर मला दुःख नाही. पण वेठीबरोबर पगारही जातो, हे खोटे कसे म्हणू? चाकणला मोटारींच्या कारखान्यांत पत्र्याला डाग देणारे यंत्राचे हात आहेत. तिथे पूर्वीइतकी माणसे लागणार नाहीत हे उघड आहे. आम्ही दोन संच घेतले नाहीत म्हणून ते हात थांबणार नाहीत. मात्र त्या हातांचेही डोळे कोणाला तरी जुळवावे लागतात, बिघडले तर उन्हाचा पडदा कोणाला तरी ओढावा लागतो. ते काम मुलांनीच करायचे आणि मुलींनी त्यांचे डबे भरायचे, हे मला पटत नाही. सगळ्यांनाच ते काम मिळेल, असे मात्र मी म्हणणार नाही.

शिवणवर्ग बंद करून हे करा, असेही माझे म्हणणे नाही. ज्या बाईला शिवणयंत्राचा दोरा कुठे ताणतो हे बोटांनी कळते, तिला हा पेच जड जाणार नाही. संच घ्यायचे झाले तर डाग देण्याची गरम सळई मोठ्या बाईच्या हाती असावी आणि एका संचावर चारच मुली बसवाव्यात. जास्त बसल्या की एकीच्या हाती पेचकस आणि बाकीच्या प्रेक्षक, असे होते. मताला टाकायचे ते चहानंतर टाकावे.

गाडी मी आणली आहे. पांढरा कागद मधल्या सतरंजीवर पसरला आहे. लहान मुलांना पट्टीवर पाय देऊ देऊ नका, आणि खिडकीजवळच्या भगिनींनी कृपा करून तेवढा पडदा ओढून घ्यावा.