नदीचे माप सांगणारा पूल

मराठवाड्यातल्या आमच्या घरांत हैदराबाद हे नाव राजधानीचे म्हणूनच ऐकू येई. वडीलधारी माणसे कोर्टकचेरीला, शिक्षणाला तिकडेच जात. परत आली की चारमिनारचे वर्णन करीत. मला मात्र त्या शहरात चारमिनारपेक्षा मुसी नदीवरचा पुरानापूल अधिक बोलका वाटतो. चारमिनार १५९१ चा, पूल १५७८ चा. श्रोतेहो, शहर वसण्याच्या तेरा वर्षे आधी त्याचा पूल उभा होता!

या पुलाची एक प्रेमकथा सांगतात. राजपुत्र महंमद कुली पलीकडच्या भागमतीला भेटण्यासाठी भर पुरात घोडा घालतो, ते कळल्यावर इब्राहीम कुतुबशहा पूल बांधवतो. कथा गोड आहे, पण राजपुत्राचा जन्म १५६५ चा. पूल पुरा झाला तेव्हा त्याचे वय होते तेरा! खरे कारण रुक्ष असावे. गोवळकोंड्याचा किल्ला माणसांनी भरून गेला होता आणि मच्छलीपट्टण बंदराकडे जाणाऱ्या मालाला नदी ओलांडणे भाग होते. पुलाजवळच कारवान ही हिरेव्यापाऱ्यांची वस्ती होती. टॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने या पुलाची तुलना पॅरिसच्या पाँ नफशी केली. १६७७ मध्ये शिवाजी महाराज कुतुबशहाच्या भेटीला भागानगरात आले, तेव्हाही शहराला हा एकच पूल होता.

पूल सुमारे सहाशे फूट लांब, पस्तीस फूट रुंद. दगड आणि चुना एवढेच साहित्य. कमानी बावीस. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. कमानीत ताण येऊच द्यायचा नाही, ही सारी युक्ती. प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो, तो रेटा खांबात आणि खांबातून पायात उतरतो. शेजारशेजारच्या दोन कमानींचे आडवे रेटे मधल्या खांबावर एकमेकांना अडवतात. त्यामुळे वरून बैलगाडी गेली काय नि हत्ती गेला काय, दगड आणखी घट्ट बसतात. अशा पुलाचा खरा वैरी खालून येतो. पुराचे पाणी खांबाच्या पायाशी माती उकरते. आणि पाण्याला वाट कमी पडली, की त्याचा वेग वाढून ते अधिकच उकरते. आपल्याकडे महाडजवळचा सावित्रीवरचा १९२८ चा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री गेला, तोही पुरातच.

पुरानापुलाची मोठी परीक्षा झाली २८ सप्टेंबर १९०८ रोजी. शमशाबादला २४ तासांत जवळजवळ तेरा इंच पाऊस पडला. मुसीच्या खोऱ्यातल्या ७८८ तलावांपैकी २२१ फुटले. एक फुटला की त्याचे पाणी खालच्यावर, असे ते लोंढे शहरावर आले. हजारो माणसे गेली, एकोणीस हजारांच्या आसपास घरे पडली. नंतर बांधलेले पूल मोडले आणि दोन्ही काठांना जोडणारा हा तीन शतकांचा म्हातारा तेवढा उरला. त्यालाही जखमा झाल्या, पण त्या बुजवता आल्या.

निजाम सरकारने मग मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेला, मुंबई इलाख्यात नोकरी केलेला आणि खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारा हा इंजिनिअर. शहराच्या वरच्या अंगाला पूर अडवणारे जलाशय बांधा, असा त्यांचा सल्ला होता. त्यातून १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर झाला.

धरणांनी शहर सुरक्षित केले, आणि लोक नदीची रुंदी विसरले. एरवी पुलाखाली काळपट पाण्याची बारीक धार दिसते. बहुतेक कमानी कोरड्या. त्या पाहून कुणालाही वाटावे, की बांधणाऱ्याने उगीच एवढा खर्च केला. मग पात्रात घरे आली, आणि ती बहुतांशी ज्यांना दुसरीकडे जागा परवडली नाही अशांची. २०२४ मध्ये सरकारने ती हलवायला घेतली तेव्हा मोठा विरोध झाला. त्यांचा संताप मला खोटा वाटत नाही. इतकी वर्षे त्यांना कुणी अडवले नव्हते. पण सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही जलाशयांचे दरवाजे उघडावे लागले आणि मुसी थेट महात्मा गांधी बसस्थानकात शिरली. नदीला किती जागा लागते, हे ठरवताना नकाशे आणि आकडेवारी जरूर पाहावी. त्याबरोबर पुरानापुलाच्या सगळ्या, बावीसच्या बावीस कमानीही मोजाव्यात.

वाहने आता शेजारच्या नव्या पुलावरून जातात. जुन्यावर भाजीवाल्यांचा बाजार बसत आला आहे. एवढे ओझे त्या कमानींना काहीच नाही.