अंगणवाडी : मुलांची आणि आयांचीही
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आज मला बोलायला उभे केलेत, ह्याबद्दल मंडळाची आभारी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठमोठे विचार माझ्यापाशी नाहीत. पण दोन मुले वाढवली आहेत आणि आपल्या गल्लीतील अंगणवाडी रोज डोळ्यांसमोर आहे. तिच्याविषयीच चार शब्द सांगते.

आपल्यापैकी पुष्कळजणी तिला 'खिचडीची शाळा' म्हणतात. "ती गरिबांच्या मुलांसाठी, आपल्याला काय करायची?" असेही म्हणतात. मग अडीच वर्षांच्या बाळाला पैसे भरून अशा ठिकाणी घालतात, की तिथे त्याच्या हाती पेन्सिल देऊन एबीसीडी गिरवून घेतात. ज्या बोटांना अजून सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, त्या बोटांवर केवढा हा जुलूम!

अंगणवाडी हा शब्द कुठून आला, ते पाहण्यासारखे आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतील मुले शाळेपर्यंत येईनात, तेव्हा ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी! परदेशी महागडी साधने परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया, पाने हीच त्यांची साधने झाली. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे आदिवासींच्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहत. मग पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणून 'विकासवाडी' उभी केली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी 'कुरणशाळा' कुरणावर गेली. मूल का येत नाही म्हणून आईबापांना दोष न देता, घरची अडचण काय आहे, हे त्यांनी आधी पाहिले. मला त्यांची हीच गोष्ट फार मोठी वाटते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. तिच्यात आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, खेळातून शिक्षण ही कामे तर आहेतच. पण आयांना आरोग्याचे नि आहाराचे ज्ञान देणे हेही तिचे नेमून दिलेले काम आहे. ते मात्र आपल्या ध्यानातच नसते.

आपल्याच गल्लीतली गोष्ट सांगते. एका घरी दोन वर्षांची नात. आजी म्हणत, "आमच्या घरची हाडेच बारीक." सेविकाताई दर महिन्याला वजन करून तक्त्यावर मांडीत. तीन महिने रेघ वर चढेना, तेव्हा त्या घरी गेल्या. कोणाला नावे ठेवली नाहीत. सकाळपासून पोर काय काय खाते, एवढेच विचारले. दर दोन तासांनी चहा-बिस्किट चालू होते. मग जेवणाची भूक उरणार कुठून? ताईंनी सासू-सून दोघींना समोर बसवून तक्ता दाखवला. चहा बंद झाला. मऊ वरणभात, त्यावर चमचाभर तेल किंवा तूप, उकडलेले अंडे, केळे असे थोडे थोडे पण चारपाच वेळा सुरू झाले. पुढे रेघ वर चढू लागली.

हेच सुनेने सांगितले असते, तर सासूला ते उलट बोलणे वाटले असते. सासूने सांगितले असते, तर सुनेला टोमणा वाटला असता. तिसऱ्या जाणत्या बाईने दोघींना एकत्र सांगितले, त्यात कोणालाच कमीपणा आला नाही. पूर्वी आळीत अशी एखादी मावशी असे. आता नवरा-बायको दोघेच एका खोलीत राहतात, माहेर दूर, शेजारचे दार बंद. बाळ रात्रभर रडले तर विचारायचे कोणाला? त्या मुलीला अंगणवाडी हेच माहेर.

मूल वाढवणे कोणाला पोटातून येत नाही. ते शिकावे लागते. सहा महिने नुसते अंगावरचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको. मग मऊ अन्न सुरू, आणि दूध दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू. बागुलबुवाची भीती घालू नये, मारू नये. त्याच्याशी बोलावे, गोष्ट सांगावी, ताट त्याचे त्याला मांडू द्यावे. हे तिथे फुकट शिकायला मिळते, आणि आपण दारावरून निघून जातो!

म्हणून मंडळापुढे माझे एक मागणे आहे. अंगणवाडीची खोली एकच. तीत मुले असताना आयांची बैठक कशी भरावी? आपला हॉल महिन्यातून एक दुपार बैठकीला द्यावा. त्या दुपारी भजन तासभर उशिरा सुरू झाले, तर देव रागावणार नाही. आळीपाळीने दोघीदोघींनी पोरे सांभाळावीत, म्हणजे आयांना मन लावून ऐकता येईल. सासूबाईंनी जरूर यावे. आणि वर्षातून दोन बैठका रविवारी ठेवून बापांनाही बोलवावे; मूल काही एकट्या आईचे नसते.

पहिल्या पाळीला माझे नाव लिहून घ्या. दुसरे नाव कोणाचे, ते आज इथून उठण्यापूर्वी ठरावे, एवढीच विनंती करून मी माझे बोलणे संपवते.